आधी नाव, मग भाकरी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पिरनवाडीत आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. घरधनी उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला होते. त्यांचा धाकटा मुलगा, वय अकरा-बारा, दुखण्याने अंथरुणाला खिळला होता. एके संध्याकाळी त्यांच्या घरी प्रार्थनेला मंडळी जमली तेव्हा शेजारधर्म म्हणून मीही जाऊन बसलो. चटईवर पंधरा-वीस माणसे, आतल्या खोलीत कण्हणारे पोर. आधी एक मराठी गीत झाले, मग पाळकांनी मुलाच्या वडिलांनाच प्रार्थना करायला सांगितले. मला वाटले, हा माणूस पहिल्याच वाक्यात मुलाचा जीव मागेल. कुणीही मागेल. पण त्यांनी सुरुवात केली ती देवाच्या नावाने. त्या नावाला मोठेपण येवो, या घरात जे काही घडेल त्याने त्या नावाला उणेपणा न येवो, असे ते बराच वेळ म्हणत राहिले. आणि मग कुठे, आवाज फुटत असताना, त्यांनी मुलाचे नाव घेतले.

घरी परतताना मला थोडा रागच आला होता, हे कबूल करतो. घराला आग लागलेली असताना आधी विहिरीची पूजा करत बसणाऱ्या माणसासारखे ते मला वाटले. देवाला आपल्या नावाची एवढी काळजी आहे काय, की आजारी पोराने त्याच्या मागे रांगेत उभे राहावे?

हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मी वाचू लागलो. मी ख्रिस्ती नाही, धर्मशास्त्राचा अभ्यासकही नाही. मराठीचा एक साधा अध्यापक आहे. तेव्हा जे हाती लागले ते अध्यापकाच्या पद्धतीनेच सांगतो. म्हणजे व्याकरणापासून.

ख्रिस्ती लोक ज्या प्रार्थनेला 'प्रभूची प्रार्थना' म्हणतात ती येशूने आपल्या शिष्यांना शिकवली. 'नव्या करारा'त ती दोन ठिकाणी येते: मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्यात. लूकमध्ये ती आटोपशीर आहे, मत्तयात जरा सविस्तर. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम १८२० साली सुरू झाले, पुढे १९०४ मध्ये ते मेथडिस्टांकडे गेले. कॅथलिकांचा वावर तर आपल्या भागात त्याहून जुना. या सर्व पंथांत मतभेद पुष्कळ असतील, पण ही एक प्रार्थना मराठीत, कन्नडमध्ये, कोकणीत, इंग्रजीत सर्वजण म्हणतात.

आता तिची रचना पाहा. देवाला 'पित्या' अशी हाक मारून झाली की लागोपाठ तीन मागण्या येतात: तुझे नाव पवित्र मानले जावे, तुझे राज्य यावे, तुझ्या इच्छेप्रमाणे व्हावे. हे तिन्ही झाल्यावर मग रोजची भाकरी, मग अपराधांची क्षमा, मग परीक्षेतून आणि वाइटापासून सुटका. पहिल्या भागात सगळे 'तुझे, तुझे, तुझे'. दुसऱ्या भागात 'आम्हाला, आमचे, आम्हाला'. आणि गंमत अशी की 'मी' आणि 'मला' हे शब्द संपूर्ण प्रार्थनेत एकदाही येत नाहीत. एकांतात दार लावून प्रार्थना करा, असे त्याच अध्यायात जरा अगोदर सांगितले आहे. पण दार लावून बसलेल्या एकट्या माणसानेही म्हणायचे ते 'आम्हाला' असेच.

शाळेत आपण आज्ञार्थ शिकलो. आज्ञा, विनंती, प्रार्थना, आशीर्वाद हे सारे आज्ञार्थातच येते. 'देवा, मला बुद्धी दे' ही प्रार्थना. 'देव तुझे भले करो' हा आशीर्वाद. 'करो, होवो, येवो, राहो' ही रूपे आपल्या तोंडी बहुधा आशीर्वाद देताना येतात आणि आशीर्वाद वरून खाली येतो: आजीकडून नातवाकडे, गुरूकडून शिष्याकडे. या प्रार्थनेच्या मराठी रूपांत पहिल्या तीन मागण्यांची क्रियापदे नेमकी याच घडणीची असतात. म्हणजे येथे लेकरू बापासाठी शुभ चिंतते आहे! 'दे' हा शब्द उच्चारण्यापूर्वी घटकाभर मागणाऱ्याने आपली जागा बदलायची, स्वतःच्या गरजेच्या खिडकीतून बाजूला होऊन बापाच्या बाजूने जगाकडे पाहायचे. माझ्या मते त्या प्रार्थनेचे मर्म याच उलटापालटीत आहे.

पण नावच का? 'देवाचे भले होवो' असे का नाही? यहुदी परंपरेत नाव म्हणजे नुसती खूण नव्हे. नाव म्हणजे ती व्यक्तीच, आणि चारचौघांत तिची जी पत असते तीही. हे समजायला आपल्याला फार लांब जायला नको. मुलगा चांगला निघाला की आपल्या गावात म्हणतात, बापाचे नाव काढले. वाईट निघाला की म्हणतात, नाव घालवले, घराण्याला बट्टा लावला. बाप स्वतः बिचारा होता तसाच असतो. तरी त्याचे नाव वर जाते किंवा खाली येते, आणि ते मुलाच्या वागण्याने. इस्राएल लोक बाबिलोनच्या बंदिवासात होते तेव्हा इतर राष्ट्रे म्हणू लागली की, हे म्हणे त्या देवाचे लोक, आणि यांची ही दशा! यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात देव म्हणतो की तुम्ही माझे नाव घालवले, आता मीच ते राखणार. थोडक्यात, नाव पवित्र मानले जावे असे म्हणणारा माणूस देवाची स्तुती करून त्याला खूश करत नसतो. माझ्यामुळे तुझ्या नावाला बट्टा लागू नये, अशी तो स्वतःवरच एक अट घालून घेत असतो. साहेबाकडे रजेचा अर्ज नेताना आधी दोन गोड शब्द बोलावेत, तसा हा प्रकार नाही.

येथे एका गैरसमजाचा निकाल लावून पुढे जाऊ. देवाचा मान पहिला म्हटले की काहींना वाटते, मग स्वतःसाठी मागणे हे हलके, कमी प्रतीचे. तसे असते तर भाकरी त्या प्रार्थनेत आलीच नसती. ती आहे, आणि भाकरीच आहे. मोक्ष नव्हे, ज्ञान नव्हे, आजच्या दिवसापुरती भाकरी. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सप्टेंबरमध्ये मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची बाळे विकायला असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो. सुशिक्षित माणसे त्याला हसतात. मला हसू येत नाही. परीक्षेच्या सकाळी आपल्यापैकी कितीजण देवळाकडे, दर्ग्याकडे, चर्चकडे वळून मगच कॉलेजला येतात, आणि उत्तरपत्रिकेच्या माथ्यावर हळूच 'श्री' लिहितात! गरज ही गरज असते. प्रश्न असतो तो क्रमाचा: गरज देवाला वापरते, की गरजच देवाच्या हाती सोपवली जाते?

'श्री'वरून आठवले. जेझुइट पाद्र्यांच्या शाळांत वहीच्या पानाच्या माथ्यावर चार रोमन अक्षरे लिहिण्याची जुनी प्रथा आहे: ए, एम, डी, जी. आपल्या बेळगावातली सेंट पॉल्स ही १८५६ पासूनची शाळा जेझुइटांचीच. ती अक्षरे म्हणजे 'आद मायोरेम देई ग्लोरियाम' या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे. अर्थ, देवाच्या अधिकाधिक गौरवासाठी. या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे शिपाई. आपल्या 'आध्यात्मिक साधने'च्या आरंभीच ते सांगतात की आजारापेक्षा आरोग्य, गरिबीपेक्षा श्रीमंती, अल्पायुष्यापेक्षा दीर्घायुष्य मलाच मिळावे असा हट्ट धरू नये. ज्याने माणूस आपल्या निर्मितीच्या हेतूकडे जातो तेच निवडावे. वाचायला सोपे आहे. भूमितीच्या वहीवर ती चार अक्षरे लिहिणाऱ्या पोराला त्यांचे वजन कळत असेल असे नाही. पण आपल्याला तरी 'श्री'चे कोठे कळते?

'बायबल'मध्ये या क्रमाची कसोटी पाहणारे प्रसंग बरेच आहेत. मला सर्वांत धीट वाटतो तो मोशेचा. लोकांनी सोन्याचे वासरू करून पुजले, देव संतापला, आणि मोशेला म्हणाला की यांचा नाश करतो व तुझ्यापासूनच एक मोठे राष्ट्र निर्माण करतो. केवढा लाभ! मोशेने तो नाकारला, आणि युक्तिवाद केला तो असा: या लोकांना तू मिसरातून बाहेर आणलेस ते डोंगरात मारायला, असे मिसरी लोक म्हणतील, तुझे नाव काय राहील? म्हणजे देवाच्या नावाचा आधार घेऊन त्याने देवाशीच भांडण केले, आणि तेही दुसऱ्यांच्या जिवासाठी. येथे देवाचा मान आणि माणसांचे भले ही तराजूची दोन पारडी नाहीत. एकाच्या बाजूने बोलले की दुसऱ्याचेही राखले जाते.

परंतु नेहमी तसे होत नाही, आणि खरा पेच तेथेच आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात, वधस्तंभाला थोडेच दिवस उरले असताना, येशू आपला जीव व्याकूळ झाल्याचे उघड सांगतो. मग तो जणू मोठ्याने विचार करतो: आता काय मागू? या घटकेतून मला वाचव, असे मागू? ते त्याच्या ओठांवर येते आणि तो ते बाजूला ठेवतो. मागतो ते एवढेच की पित्याच्या नावाचे गौरव व्हावे. इतर तीन शुभवर्तमानांत मात्र गेथशेमाने बागेतला प्रसंग आहे, आणि तेथे तो हा प्याला टळावा म्हणून खरोखरच विनवणी करतो. फक्त तिला एक शेपूट जोडतो, की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. एकटा पहिला वाचला तर वाटते, दुःख सांगूच नये. एकटा दुसरा वाचला तर वाटते, शेवटचे वाक्य ही नुसती रीत आहे. प्याला टळला नाही. पौलालाही असाच अनुभव आला: शरीरातला काटा जावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, काटा राहिला. तो काटा म्हणजे नेमके कोणते दुखणे यावर पंडित अजून वाद घालतात. काटा राहिला, यावर वाद नाही.

याच गेथशेमानेच्या रात्री आणखी एक घडले, ते सांगितल्याशिवाय हा विषय अपुरा राहील. शिपाई धरायला आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला. गुरूचा अपमान त्याला सहन झाला नाही. येशूने तलवार म्यानात घालायला लावली, आणि लूक सांगतो की त्या दासाचा कान बरा केला. देवाच्या मानाचे निमित्त करून दुसऱ्याचा कान कापायला निघणारे भक्त सर्व धर्मांत सापडतात. त्यांत बहुधा देवाच्या मानापेक्षा स्वतःचाच मान दुखावलेला असतो. याहून बारीक लबाडीही असते: दुसऱ्याच्या दुःखासमोर उभे राहून 'देवाची इच्छा' म्हणायचे आणि आपण मोकळे व्हायचे. देवाचे नाव पहिले, हे ज्याचे त्याने स्वतःच्या भाकरीविषयी म्हणायचे आहे. शेजाऱ्याच्या भाकरीविषयी नव्हे.

हे महाराष्ट्रात कुणी जगून दाखवले असेल तर ते पंडिता रमाबाईंनी. जन्म १८५८, गंगामूळच्या रानात, म्हणजे आपल्याच कर्नाटकाच्या घाटमाथ्यावर. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी मुलीला संस्कृत शिकवले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. त्यापूर्वी कुटुंबाने तीर्थे केली, उपवास केले, होते नव्हते ते दान केले, तरी अन्न मिळाले नाही, हे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, पदरी लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा न मिळालेल्या उत्तराची ओळख त्यांना कुणी करून देण्याची गरज नव्हती.

मुंबईत १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झाले ते अमेरिकेतल्या एका मंडळाच्या दहा वर्षांच्या मदतीच्या आश्वासनावर. ती मुदत संपत आली त्या सुमारास रमाबाईंच्या वाचनात जॉर्ज म्यूलर यांचा वृत्तांत आला होता. हे मूळचे प्रशियाचे. इंग्लंडात ब्रिस्टल येथे १८३६ मध्ये त्यांनी अनाथाश्रम काढला आणि आयुष्यभरात दहा हजारांहून अधिक मुले वाढवली. माणसांजवळ पैसा मागायचा नाही, फक्त देवाजवळ मागायचा, हा त्यांचा नेम. पण त्याहून विलक्षण होते त्यांचे कारण. अनाथांचे पोषण हा हेतू त्यांनी दुसरा सांगितला. पहिला हा की प्रार्थना ऐकणारा देव आजही आहे हे लोकांना दिसावे आणि त्याचा महिमा वाढावा. मला यात थोडी शंका येते, ती नमूद करतो: म्यूलर दरवर्षी अहवाल छापत, आणि छापलेला अहवाल हेही एक प्रकारचे मागणेच नव्हे काय? असो. रमाबाईंनी त्यातला गाभा घेतला. केडगावच्या माळावर जमीन घेऊन विहिरी खणल्या, बाग लावली, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात स्वतः मध्य प्रांतात जाऊन सुमारे ३०० उपाशी मुली आणि बाया घेऊन आल्या. तेच पुढे मुक्ती मिशन झाले. ज्या बाईच्या घरच्यांना दुष्काळाने नेले ती दुसऱ्यांच्या भाकरीसाठी दुष्काळात शिरली. 'तुझे नाव' आधी म्हणणारे भाकरीविषयी बेफिकीर असतात, हा माझा आक्षेप मला येथे मागे घ्यावा लागला.

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी एका कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण 'बायबल' मराठीत आणले, आणि तेही संस्कृतच्या पंडितेने मुद्दाम साध्या मराठीत, कमी शिकलेल्या बायकांना कळावे म्हणून. मुक्तीतच छापखाना होता आणि तेथल्या बायकाच खिळे जुळवीत. हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. आईच्या पश्चात संस्था सांभाळणारी तीच एक होती. रमाबाईंची स्वतःचीही प्रकृती ढासळली होती. त्यांच्या चरित्रांत एक आठवण सांगितली जाते: मुद्रिते तपासायची थोडी राहिली असता त्यांनी देवाजवळ दहा दिवस मागून घेतले. बरे कर, असे नव्हे, दहा दिवस. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा मुद्रिते तपासून झाली होती, आणि ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. जीव मागितला, पण कशासाठी मागितला ते पाहा.

आपल्या वारकरी कानांना हे सारे परके वाटू नये. तुकोबांनीही देवाजवळ मागितले ते त्याच्या विस्मरणापासून सुटका. धन नको, मुक्तीही नको म्हणाले. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला. फरक आहे तो असा, की निष्काम भक्त मागणेच गाळू पाहतो. ख्रिस्ती प्रार्थना मागणे गाळत नाही, त्याला दुसऱ्या ओळीत बसवते. कोणते अधिक अवघड, हे मला सांगता येणार नाही. मागायचे, मनापासून मागायचे, आणि तरी मुठी उघड्या ठेवायच्या, हे मला तरी अधिक अवघड वाटते.

तो मुलगा वाचला नाही. पावसाळ्यापूर्वी गेला. चार-सहा महिन्यांनी त्याचे वडील बसथांब्यावर भेटले, तेव्हा राहवले नाही म्हणून मी त्यांना विचारलेच, की त्या दिवशी तुम्ही आधी मुलासाठी का मागितले नाही? विचारल्यावर लाज वाटली. ते रागावले नाहीत.

"मागितलो की सर," ते म्हणाले. "रात्री एकटा बसून रडून मागितलो. त्या दिवशी चारचौघांत आधी त्याचं नाव घेतलो ते माझ्यासाठीच बघा. पोरगं गेलं तर मी त्याला शिव्या घालीन असं भ्या वाटत होतं मला."

"घातल्या?"

"घातलो की एक-दोनदा," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांची बस आली. सात वाजताची पाळी होती.